पोट साफ नाही, त्यात अजून पाणी कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासऱ्यांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली पण रिपोर्टमध्ये आलं की तयारी अपुरी, परत करा. आता दुसरे डॉक्टर म्हणतात हवेऐवजी पाणी सोडून करू. आधीच पोट साफ नव्हतं, त्यात पाणी भरलं तर काय दिसणार? त्रास तर वाढणार नाही ना?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : शंका बरोबर आहे, पण पाणी नुसतं भरून ठेवत नाहीत हो. नेहमीच्या पद्धतीत हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरून आतडं फुगवतात आणि दुर्बीण पुढे नेतात, फुगलं की ते लांबतं, वळणं अजून कडक होतात आणि पोटात कळ येते ती त्यामुळेच. पाण्याच्या पद्धतीत जाताना हवा बंद, थोडं थोडं पाणी सोडायचं, गढूळ झालं की लगेच ओढून घ्यायचं, परत स्वच्छ सोडायचं. याला वॉटर एक्स्चेंज म्हणतात. म्हणजे दुर्बीण सीकमपर्यंत, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचते तोवर वाटेतली धुलाई झालेली असते. ओढणं परत येताना केलं तर ते वॉटर इमर्शन, त्यात कळ कमी होते पण सफाई एवढी होत नाही.

फायदा मुख्यतः उजव्या बाजूला. तिथले काही पॉलिप (आतड्याच्या आतल्या गाठी) चपटे असतात, वर चिकट स्रावाचा थर, धुतल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि एक्स्चेंजमध्ये अडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारे पॉलिप) जास्त सापडतात हे अभ्यासांत दिसलंय. आत जायला काही मिनिटं जास्त लागतात, लागू देत. खरी तपासणी दुर्बीण बाहेर काढताना होते, तिला निदान ६, नव्या अमेरिकी शिफारशींप्रमाणे ८ मिनिटं तरी द्यावीत. फेस आडवा येतो त्यासाठी सिमेथिकोन असतं, ते पोट साफ करायच्या जुलाबाच्या औषधाबरोबर घ्यायचं का ते विचारून घ्या.

पण एक स्पष्ट सांगतो, पाण्याने पातळ घाण निघते, मटकीची सालं आणि पेरूच्या बिया निघत नाहीत, उलट दुर्बिणीची नळी तुंबते. त्यामुळे आधीचे दोन-तीन दिवस मिसळ बंद, पेरू, टोमॅटो, तीळ, सालासकट द्राक्षं सगळं बंद (नाशिकमध्ये राहून अवघड आहे, माहितीये). जुलाबाचं औषध एकदम आदल्या रात्री संपवू नका, अर्धं रात्री आणि अर्धं सकाळी तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचं, पहाटेचा गजर लावावा लागला तरी चालेल. माझ्या मते हा पहाटेचा डोस पाण्याच्या पद्धतीपेक्षाही महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच टाळतात. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगा, त्याने मळ काळा आणि चिकट होतो. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर जुलाबाचं औषध कोणतं ते डॉक्टरांनाच ठरवू दे, मेडिकलवाल्याला नाही.

आणि या वेळी रिपोर्टमध्ये बोस्टन स्कोर, म्हणजे आतडं किती स्वच्छ होतं त्याचे गुण, लिहायला सांगा. आतड्याच्या तीन भागांना ० ते ३ असे गुण असतात, प्रत्येक भागाला निदान २ हवेत.