नस आतून सोलून निघते का?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तिला सिकलसेल आहे. मागच्या खेपेला दुखणं उठलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी रक्तात सूक्ष्म पिशव्या सोडतात. म्हणजे नस आतून सोलून निघते का? त्याची तपासणी करून घेऊ का?
– एक आई, इंदोरा, नागपूर

उत्तर : ताई, आधी मनातली सोलण्याची भीती काढा. पेशी जिवंत राहूनच या पिशव्या तयार करते. आम्ही त्यांना पुटिका म्हणतो. १९६७ साली संशोधक पीटर वुल्फ यांना असे कण प्लेटलेटपासून निघालेले दिसले, तेव्हा त्यांनी त्यांना 'धूळ' म्हटलं होतं. धूळ नव्हे, हे नंतर कळलं.

पुटिका दोन वाटांनी निघतात. इतवारीतल्या किराणा दुकानात मोठ्या पोत्यात लहान पुड्या भरलेल्या असतात ना, तशी एक पिशवी पेशीच्या पोटात असते. तिची भिंत आतल्या बाजूला फुगून तुटते आणि पिशवीत पिशव्या होतात. मग ते पोतं पेशीच्या कडेला येऊन तिच्या आवरणात मिसळतं आणि पुड्या बाहेर सांडतात. हे एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत जास्त महत्त्वाची दुसरी वाट. पेशीचं आवरण दुपदरी असतं आणि फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ पेशी आतल्या पदरातच राखून ठेवते. पेशीला मार बसला की आत कॅल्शियम वाढतं. राखण सुटते, तो पदार्थ बाहेरच्या पदरावर येतो. त्याच वेळी कॅल्पेन हे एन्झाइम आवरणाखालचा सांगाडा कापतं. आधार गेलेलं आवरण तिथे फुगतं, मानेशी आवळतं आणि तुटतं. ही पुटिका १०० ते १००० नॅनोमीटरची. तिच्या अंगावर तो पदार्थ उघडाच असतो आणि रक्त गोठवणारे घटक त्यावर येऊन बसतात. चिंता आहे ती याची.

सिकलसेलमध्ये हा मार वरचेवर बसतो. विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी अस्तराला चिकटतात, फुटलेल्या पेशींतलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, त्याला पोळतं. दुखणं उठतं तेव्हा अस्तराच्या पुटिका वाढलेल्या आढळल्या आहेत. रक्तात तांबड्या पेशींच्या आणि प्लेटलेटच्या पुटिकाही असतातच, आणि त्याच जास्त.

पण पुटिका म्हणजे वाईटच, असं मुळीच समजू नका. रक्त सुरळीत वाहत असताना हेच अस्तर पुटिकांतून मायक्रोआरएनए १४३ आणि १४५ (जनुकांच्या कामावर लगाम ठेवणारे छोटे रेणू) खालच्या स्नायूपेशींना धाडतं. २०१२ साली उंदरांना अशा पुटिका दिल्या, तर धमनीतला चरबीचा थर कमी भरला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

तपासणीवर पैसे घालवू नका. उपचार ठरवायला ती आज वापरत नाहीत. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते, तेव्हा विद्यार्थ्यांना बजावत असे : तपासणीच्या रक्ताची नळी जोरात हलवली तरी प्लेटलेट नव्या पुटिका सोडतात, आणि तुम्ही रुग्णाचं नव्हे, स्वतःच्या हाताचं माप घेता.

त्यापेक्षा मेच्या उन्हात मुलीच्या दप्तरात पाण्याची बाटली असू द्या, डिसेंबरच्या पहाटे शिकवणीला जाताना स्वेटर. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.