साडेसातशे डझन मोजे ठेवू कुठं?

प्रश्न : काका, कसबा बावड्यात माझं शालेय गणवेशाचं छोटं दुकान आहे. आजवर मोजे गांधीनगरच्या होलसेलवाल्याकडून घेत आले, कर धरून ३०० रुपये डझन. जवळच्या तीन शाळा मिळून वर्षाला १५० डझन लागतात. यंदा थेट कारखान्यातून आणावेत म्हणून परराज्यातल्या एका कारखानदाराला फोन केला. तो २६४ रुपये डझन अधिक जीएसटी म्हणतो, पण प्रत्येक डिझाइनच्या प्रत्येक नंबरला किमान ५० डझन घ्यावे लागतील, अशी अट घालतो. निम्मे पैसेही आधी मागतो. तीन शाळा, पाच नंबर आणि मोज्यावर शाळेचं नाव विणलेलं हवं, असं धरलं तर ७५० डझन होतात. मिनिमम आणि भाव दोन्ही कमी कसे करून घेऊ?
— एक वाचक भगिनी, कसबा बावडा

उत्तर : ताई, तुमचं पत्र डिसेंबरात आलं हे फार बरं झालं. मार्चनंतर विचारलं असतंत, तर कारखानदारानं तुमच्याशी नीट बोलायलाही वेळ दिला नसता. जूनच्या शाळांचा माल तेव्हा सगळ्या मशीनवर चढलेला असतो. जानेवारीत बोला.

महाद्वार रोडवर ३४ वर्षं होजिअरीचं दुकान चालवलं, त्यावरून सांगतो. आधी तुमची ऑर्डर कारखानदाराच्या नजरेतून बघा. तीन शाळा गुणिले पाच नंबर म्हणजे पंधरा प्रकार. १५० डझन त्यांत वाटले की एका प्रकाराला आले फक्त १० डझन, म्हणजे १२० जोड. एक मोजा विणायला तीन मिनिटं धरली, तर जोडाला सहा, तासाला दहा जोड. तुमचा एक प्रकार एका मशीनवर बारा तासांत संपतो. त्या बारा तासांसाठी त्याला सुताचे कोन (सूत गुंडाळलेल्या रिळी) बदलायचे, प्रोग्रॅम लावायचा, दोन-चार मोजे वाया घालवून माप जुळवायचं, आणि लगेच पुढच्या प्रकारासाठी हेच पुन्हा करायचं. ५० डझनांची अट या मोडतोडीतून येते. ती समजून घेतली की घासाघीस करायची गरजच अर्धी होते.

म्हणून आधी प्रकार कमी करा. शाळेचं नाव विणून घेण्याचा हट्ट सोडा. बुटात आणि पँटखाली ते कुणाला दिसत नाही, आणि शाळेनं गणवेश बदलला तर उरलेला माल दुसऱ्या कुठल्याच शाळेला चालत नाही. माझ्याकडे असे ६० डझन पडून राहिले होते. शेवटी एका संस्थेला देऊन टाकले. नाव हवंच असेल तर पाकिटावरच्या कागदी पट्टीवर छापा, ते काम कोल्हापुरातच होतं.

मग तिन्ही शाळांचे मोजे शेजारी ठेवून बघा. पांढऱ्या मोज्यावर निळा पट्टा दोन शाळांचा असेल, तर पट्ट्याची रुंदी एकच चालेल का, हे मुख्याध्यापकांना भेटून विचारा. बहुतेक वेळा चालते, कुणी विचारलेलंच नसतं. पाच नंबरांचे तीन करा. मोजा ताणतो, दोन वर्षांचा फरक तो सहज सामावून घेतो. उरले दोन पट्टे आणि तीन नंबर.

आता फोनवर मागायची गोष्ट एकच, “साहेब, मिनिमम पट्ट्यावर मोजा, नंबरावर नको.” कॉम्प्युटरच्या मशीनवर नंबर बदलणं हे सूत बदलण्यापेक्षा खूप सोपं असतं, फक्त अगदी लहान आणि अगदी मोठ्या मापाला दुसरं मशीन लागू शकतं. त्यानं हे मान्य केलं, की तुमचे दोन पट्टे मिळून १५० डझन, म्हणजे सरासरी ७५ डझन एका पट्ट्याला. त्याची ५० ची अट तुम्ही पाळलीत आणि एक डझनही जादा घेतला नाहीत. निळं आणि पांढरं सूत कारखान्यात रोज चालू असतं, म्हणून “तुमच्या चालू रंगातच द्या, वेगळी डाय नको” हेही सांगा. वेगळा रंग मागितला की सूत रंगवायच्या भट्टीचं मिनिमम आणखी वर बसतं.

जादा माल घ्यायच्या मोहात मात्र पडू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. तळमजल्यावर मोज्यांच्या गाठी ठेवून पावसाळा काढणं म्हणजे जिवाला घोर.

भावाचं मला जास्त पोटतिडकीनं सांगायचंय. २६४ वर ५ टक्के जीएसटी लावला की २७७ रुपये २० पैसे. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या कर योजनेत असाल तर हा कर परत मिळत नाही. ट्रान्सपोर्ट आणि हमाली १५० डझनांना १८०० रुपये धरली, तर डझनाला १२. झाले २८९ रुपये २० पैसे. शंभरात दोन जोड खराब निघाले तर विकाऊ डझन पडतो २९५ ला. गांधीनगरचा ३०० ला मिळतो, खराब जोड तो बदलून देतो आणि लागेल तसा दहा-दहा डझन आणता येतो. पाच रुपयांसाठी निम्मे पैसे दोन महिने अडकवायचे का, याचा विचार करा. हाच हिशेब कागदावर मांडून गांधीनगरच्या शेठना दाखवा आणि “१५० डझन आत्ताच पक्के करते, २८५ ला द्या” म्हणून बघा. मी तुमच्या जागी असतो तर या वर्षी हेच केलं असतं.

तरी कारखान्याकडेच जायचं ठरलं, तर भाव पाडताना एक पथ्य पाळा. मी एकदा फार ओढून ताणून डझनामागे २० रुपये कमी करून घेतले. माल आला, दिसायला नमुन्यासारखाच. सप्टेंबरात आया परत येऊ लागल्या, मोजा घोट्यावर उतरतोय म्हणून. तराजूवर टाकला तेव्हा कळलं, नमुन्याचा डझन ४२० ग्रॅमचा होता आणि आलेला ३६०. सूत हलकं, वरच्या काठातलं इलॅस्टिक कमी. माझे २० रुपये तिथून निघाले होते. लहान पोरं दिवसभर मोजे वर ओढत बसली, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून बिलावर डझनाचं वजन लिहून घ्या. नमुना पाच वेळा धुऊन, पोराला घालायला लावून मगच पक्का करा. एक सही केलेला जोड तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे.

भाव कमी मागायचाच तर काहीतरी देऊन मागा. पाकीट आणि पट्टी नको, डझनाच्या गड्ड्या करून द्या, असं म्हटलं की पॅकिंगचे पैसे उतरतात. ॲडव्हान्स ५० ऐवजी ३० टक्के आणि बाकी बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आल्यावर लगेच, हे बहुतेक कारखानदार ऐकतात. उधारी आणि कमी भाव एकाच दमात मागू नका. माल पाच टक्के कमी-जास्त येतो, तो कसा धरायचा हेही आधीच ठरवा.

प्रश्न : कारखानदार “शंभर टक्के कॉटन” सांगतो. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : निव्वळ सुताचा मोजा पायावर टिकत नाही, काठाला इलॅस्टिक आणि टाचेला बहुधा नायलॉन लागतंच. त्यामुळे “किती टक्के कॉटन?” असं विचारा. तळव्याच्या भागातला धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही दिसलं तर मिश्रण आहे. शाळेच्या मोज्याला मिश्रण वाईट नाही, लवकर वाळतो. आपल्याकडच्या जुलैत ते महत्त्वाचं आहे. फक्त पैसे मिश्रणाचेच द्या.