तुमचे प्रश्न : नीटचा स्कोअर आणि बीडीएसची सीट

प्रश्न : मुलीला गेल्या वर्षी नीटला 455 होते, कुठेच नंबर लागला नाही म्हणून गॅप घेऊन परत दिली तर यंदा 2025 ला 412, म्हणजे उलट कमीच. घरात सगळ्यांची तोंडं उतरलीयेत. गेल्या वर्षीचा स्कोअर जास्त आहे तर तो वापरता येतो का? बीडीएस (डेंटलची डिग्री) करायचंय, शक्यतो नेरूळला, घरून जाऊन येऊन होईल असं. दीर म्हणतात एकच फॉर्म भरायचा असतो, खरं का?
— एक आई, कळवा

उत्तर : ताई, जुना स्कोअर इथल्या ॲडमिशनला चालत नाही, ज्या वर्षीची नीट त्या वर्षीचीच ॲडमिशन. पण तोंडं उतरवायचं कारण मला तरी दिसत नाहीये. दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं शेजारी ठेवा आणि मार्क झाकून फक्त ऑल इंडिया रँक बघा. 2024 ला 17 जणांना 720 पैकी 720 होते, यंदा देशात पहिला आला त्याला 686, फिजिक्सच्या पेपरने तर भल्याभल्यांना घाम फोडला. ओपनचं क्वालिफाइंग, म्हणजे 50 पर्सेंटाइलला लागणारे किमान मार्क, 2024 ला 162 होतं ते यंदा 144 वर आलं. त्यामुळे यंदाचे 412 हे गेल्या वर्षीच्या 455 च्या बरेच वर बसतात, मुलीने प्रगतीच केलीये हो! सीट रँकवर मिळते, तेव्हा जुने कटऑफ बघतानाही मार्कांचा कॉलम सोडून मेरिट नंबर बघा, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचं "आमच्या भाच्याला इतक्याला मिळालं" हे तर वाचूच नका.

अजून एक, क्वालिफाय झाली म्हणजे सीट मिळाली असं नाही. 50 पर्सेंटाइल म्हणजे 50 टक्के मार्क नव्हे, परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणं, 144 हे 720 चे जेमतेम 20 टक्के होतात, तेवढ्यावर फक्त रांगेत उभं राहता येतं.

आता फॉर्म. दिरांचं इथे चुकतंय, आणि ठाण्याकडचे बरेच पालक इथेच अडकतात. नेरूळलाच दोन डेंटल कॉलेजं आहेत, ट्रान्स हार्बरने एकाच स्टेशनला उतरायचं, पण डी. वाय. पाटील डीम्ड (स्वतःलाच विद्यापीठाचा दर्जा असलेलं) आहे म्हणून ते दिल्लीच्या एमसीसीच्या (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) काउन्सेलिंगमधून आणि तेरणा आपल्या राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (राज्याच्या ॲडमिशनच्या फेऱ्या). बेलापूरचं भारती विद्यापीठ पण एमसीसीकडे, खारघरचं वायएमटी सीईटी सेलकडे. मुंबईची सीएसएमटीजवळचं शासकीय आणि नायर ही दोन्ही सीईटी सेलमध्येच मिळतील, त्यांच्या 15 टक्के ऑल इंडियाच्या (सगळ्या देशातल्या मुलांसाठीच्या) सीट तेवढ्या एमसीसीकडे. स्कोअर एकच, पण रजिस्ट्रेशन दोन्हीकडे वेगळं आणि तारखाही वेगळ्या.

डीम्डसाठी एमसीसीकडे 2 लाख डिपॉझिट ठेवावं लागतं, आणि तिथे डोमिसाईलचा किंवा जातीच्या दाखल्याचा सहसा उपयोग नसतो. पहिल्या राउंडला सीट नको वाटली तर फुकट सुटता येतं, दुसऱ्या राउंडला मिळालेली सोडलीत तर डिपॉझिट जातं, म्हणून जे कॉलेज फीमुळे परवडणारच नाही ते लिस्टमध्ये टाकूच नका, "बघू तर काय होतंय" म्हणून टाकलेलंच नेमकं मिळतं. बाकी प्रेफरन्स आवडीच्या क्रमाने भरा. आपल्याला काय मिळेल याचा अंदाज बांधून शासकीय खाली आणि प्रायव्हेट वर असलं काही करू नका, वरचं मिळालं की खालचं बघितलंच जात नाही. सीईटी सेलकडे स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरलात की पुढच्या राउंडला बदल नाही, तोही घाईत भरू नका.

कागदपत्रं : डोमिसाईल, नॅशनॅलिटी, दहावी-बारावीच्या मार्कशीट, कॅटेगरी असेल तर जात व्हॅलिडिटी आणि नॉन क्रिमीलेयर. नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे ना ते आजच तपासा.

प्रश्न : सीईटीला पीसीबीत 96 पर्सेंटाइल आहेत, नीट दिलीच नाही. बीडीएस मिळेल का?
— विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : नाही रे, बीडीएसला नीटच लागते. सीईटीवर बी. फार्म किंवा ॲग्रीकल्चर बघ, पर्सेंटाइल चांगले आहेत. डेंटलच हवं असेल तर पुढच्या वर्षी नीट.

प्रश्न : मुलगा नीटला क्वालिफाय नाही. ओळखीतले एक जण म्हणतात मॅनेजमेंटमधून बीडीएस करून देतो, टोकन मागतायत. द्यावं का?
— वडील, वाशी

उत्तर : साहेब, अजिबात नाही. मॅनेजमेंट सीट म्हणतात त्या इन्स्टिट्यूट कोट्यालाही नीट क्वालिफाय लागतंच आणि ती सीटही मेरिटनेच भरतात, फी तेवढी जास्त. सीट रिकाम्या राहिल्या तर पर्सेंटाइलची अट खाली येऊ शकते हे खरं, 2020-21 च्या बीडीएससाठी सुप्रीम कोर्टाने ती 10 पर्सेंटाइलने खाली आणायला लावली होती. पण ती सगळ्या देशासाठी उघड आली, कुणाच्या ओळखीने नाही. तसं काही झालं तर वेबसाइटवर नोटीस येईल, तोवर टोकन देऊ नका, आणि दिलं असेल तर आजच पावती मागून बघा.