'जोडलेला ब्लॉक' आणि लग्नातला डिंक

प्रश्न असा आहे: 'टपाल तिकिटांच्या संग्रहात चार किंवा जास्त तिकिटांच्या एकत्र चौकोनी तुकड्याला ब्लॉक म्हणतात; सुटा होऊन पुन्हा एकत्र आणलेल्या ज्या ब्लॉकला रिजॉइन्ड ब्लॉक म्हणतात, त्याला मराठीत जोडलेला ब्लॉक म्हटलं तर चालेल का? त्याची किंमत कशी धरतात?' पुढे थट्टेनं पुस्ती: 'की सरळ पुनर्लग्न झालेला ब्लॉक म्हणू?'

पहिल्याचं उत्तर: चालणार नाही. तिकिटांच्या वर्णनात 'जोडलेला' या शब्दानं घातलाय तेवढा घोळ दुसऱ्या कुठल्या शब्दानं घातला नसेल. छापल्यापासून एकमेकांना धरून असलेली चार तिकिटं, ती जोडलेली. फाडून सुटी झालेली आणि मागून हिंजची कागदी पट्टी लावून पुन्हा जागेवर बसवलेली, तीही जोडलेली. चार वेगळ्या छापील पानांवरची चार तिकिटं कुणी शेजारी शेजारी चिकटवली, तर तीही जोडलेलीच! त्यात दोन तिकिटांना 'जोडी' म्हणतातच. मग 'जोडलेली जोडी' असं वर्णन वाचलं की विकणाऱ्याला नेमकं काय लपवायचंय, असा संशय येतो.

गोष्टी तीन आहेत, तर शब्दही तीन हवेत. कधीच न सुटलेला तो अखंड. सुटून त्याच मूळ शेजाऱ्यांना पुन्हा मिळालेला तो सांधलेला. आणि ज्यांची आधी कधी गाठच पडली नव्हती अशा तिकिटांचा केलेला तो जुळवलेला. हा तिसरा प्रकार म्हणजे रिकन्स्ट्रक्टेड.

तो पेनी ब्लॅकमध्ये भरपूर चालतो. १८४० सालचं ते जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. पानावर २० आडव्या ओळी, दर ओळीत १२, म्हणजे २४० तिकिटं. प्रत्येकाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं: डावं ओळीचं, उजवं त्या ओळीतल्या जागेचं. त्यामुळे 'सी-डी'शेजारी 'सी-ई' आणून ठेवलं की छान दिसतं. पण छपाईचे साचे अकरा आणि प्रत्येकावरून निघालेली पानं अगणित. अक्षरं लागोपाठची म्हणून तिकिटं सख्खी शेजारी ठरत नाहीत. त्या तिकिटांना छिद्रं नव्हती, ती कात्रीनं कापत. म्हणून कापाची रेषा बघायची: कात्री एकाच्या समासात शिरली असेल तर दुसऱ्याला तेवढा समास जास्त मिळालेला असणार. छिद्रांच्या तिकिटांत पुरावा दातांचा. फाडताना एकाचा दात लांब राहिला तर समोरच्याचा तिथे आखूडच हवा. ही वरखाली कड तंतोतंत बसली, वर टपालाचा शिक्का दोन्हींवरून सलग गेला असेल, तर 'सांधलेला' म्हणायला हरकत नाही. नुसता रंग मिळाला म्हणून म्हणू नये.

काही संस्कृतप्रेमी इथे 'संधित' सुचवतात. अजिबात नको. व्याकरणातल्या स्वरसंधीत दोन स्वर एकमेकांत विरून जातात, विद्या आणि आलय यांच्यातला सांधा विद्यालयात शोधून दाखवा. तिकिटांचा सांधा असा नाहीसा करणं म्हणजे मागून नवा डिंक फासून फसवणूक करणं.

आता पुनर्लग्न. थट्टा करणाऱ्याला आपण किती अचूक बोललो याची कल्पना नसावी! 'लग्न' हे संस्कृत 'लग्' धातूचं भूतकाळी रूप, अर्थ सरळसरळ 'चिकटलेलं'. 'संलग्न'मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. मंगल कार्यालयात भाषणं ठोकणारे यावरून 'दोन जीव चिकटले म्हणून लग्न' असं सांगतात आणि टाळ्या घेतात. साफ चूक. आधी चिकटली ती राशी, क्षितिजाला. क्षितिजाला टेकलेली, उगवती राशी ती लग्नराशी. त्यावरून तो मुहूर्त म्हणजे लग्न, आणि मुहूर्तावरून तो सोहळा. नवराबायको या हिशेबात शेवटी आले. कुंडलीतलं 'लग्नस्थान' पहिलं असतं आणि त्याचा विवाहाशी संबंध नसतो (विवाहाचं स्थान सातवं), हे ज्योतिषी सांगतीलच. आपलं 'लागणे' याच धातूचं पोर. म्हणजे 'लग्न लागलं' या वाक्याचा धात्वर्थ 'चिकटलेलं चिकटलं', आणि 'हाताला डिंक लागला' हे त्याच घरातलं वाक्य.

तिकिटाचंही तेच. 'तिकीट' इंग्रजी टिकेटवरून आलं, ते जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथे मूळ क्रियापद चिकटवण्याचं, टोचून लावण्याचं. 'टिकलीवरून तिकीट' ही व्युत्पत्ती सुचते तेवढीच खोटी आहे. तेव्हा माझं मत, पटो न पटो: प्रवासाच्या तिकिटापेक्षा टपालाचं तिकीटच या नावाला जास्त जागतं, आणि तिकिटांना 'लग्न' हा शब्द माणसांपेक्षा जास्त शोभतो. जुन्या वस्तूंच्या इंग्रजी व्यापारात एका घड्याळाचं यंत्र दुसऱ्याच्या पेटीत बसवलं तर त्याला 'मॅरिज' म्हणतात, आणि ते कौतुकानं नव्हे. तो आपला 'जुळवलेला'. पुनर्लग्न मात्र त्याच दोघांचं.

अशा पुनर्लग्नाची वाट बघणारा एक ब्लॉक आहे. १९१८ साली अमेरिकेत २४ सेंटच्या तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं, शंभरांचं एकच पान विकलं गेलं, मग ते फोडलं. त्यातला संग्राहक एथेल मॅकॉय यांचा चारांचा ब्लॉक १९५५ मध्ये अमेरिकेतल्याच नॉरफोकच्या प्रदर्शनातून चोरीला गेला आणि चोरांनी तोही फोडला. तीन तिकिटं वेगवेगळ्या वेळी सापडली, तिसरं २०१६ मध्ये. पान फोडण्याआधी प्रत्येक तिकिटामागे पेन्सिलीनं क्रमांक घातले होते, म्हणून कुणाची जागा कुठली हा वादच नाही. चौथं मिळालं तर ते चौघे जुळवलेले नव्हे, सांधलेले ठरतील.

किंमत राहिली. सांधलेल्या ब्लॉकचा भाव अखंडाचा धरायचा नाही. त्यात जे सर्वांत मोठे न सुटलेले तुकडे आहेत, त्यांची बेरीज करायची: दोन अखंड जोड्या असतील तर दोन जोड्यांची, चारही सुटी असतील तर चार सुट्यांची. शेजार खरा असेल तर वर थोडं. जुळवलेल्याला तेही नाही. जुन्या तिकिटांत अखंड ब्लॉकला जास्त मोजतात ते तो फाडायचा राहून गेला म्हणून, आणि हिंज लावून ते परत येत नाही. दोनचार छिद्रं उसवलीत आणि हिंजचा नुसता आधार आहे, असा ब्लॉक अजून अखंडच, पण 'छिद्रं उसवलेली, मागून आधार' एवढं वर्णनात लिहायलाच हवं. 'जोडलेला' लिहून मोकळं होऊ नये.