१५ इंची चाकं बसवण्याआधी

भावा, ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी, तुला मूळपेक्षा लहान १५ इंची चाकं बसवायची आहेत आणि ब्रेकचा कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडने आवळणारा भाग) आड येतोय. पण त्याला ग्राइंडर लावायची घाई करू नकोस. चाक नेमकं कुठे घासतंय ते आधी बघ. कॅलिपरच्या पाठीवर मळलेल्या मातीचा गोळा चिकटव, चाक लावून हाताने एक फेरा दे, मग उतरवून माती किती उरली ते मोज. ३ मिलिमीटर तरी मोकळे हवेत. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही त्यात धर, ती नेहमी विसरली जातात.

स्पोकला, म्हणजे चाकाच्या आऱ्यांना लागत असेल तर पातळ स्पेसर (चाकामागे बसवायची चकती) चालेल. रिमच्या आतल्या गोलाईलाच लागत असेल तर स्पेसरचा उपयोग नाही. कॅलिपर घासायचाच तर फक्त वरची कड. पॅड दाबणाऱ्या पिस्टनमागचा भाग आणि ब्रेक ऑइलची वाट यांना हात लावायचा नाही. त्यापेक्षा त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलची लहान डिस्क, कॅलिपर आणि ब्रॅकेट असा पूर्ण सेट मिळतो का ते शोध.

तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, म्हणजे ड्रॅगची चाकं पुढेच येणार आणि ब्रेकचा मोठा भारही तिथेच. लहान डिस्क लवकर तापते. म्हणून कळकळीने सांगतो, रोज कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरणाऱ्या गाडीवर हे करू नकोस. ड्रॅगसाठी वेगळी गाडी ठेव, आणि तीही ट्रॅकवरच पळव.

आणि आपल्याकडची खारी हवा. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंज धरला की चाक सपाट बसत नाही, मोजलेली जागा खोटी ठरते. आधी तारेच्या ब्रशने हब लख्ख कर. ब्रेक ऑइलही नवं भर, जुनं ओल पिऊन बसलेलं असतं.