तारा बघून त्याचे ग्रह कसे असतील हे सांगता येतं का?

तुम्ही विचारलंय की ताऱ्याचा आणि त्याच्या ग्रहांचा काही संबंध असतो का, की ग्रह कुठेही कसेही बनतात. मोठ्या ग्रहांच्या बाबतीत संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे, छोट्यांच्या बाबतीत बराच सैल.

मला स्वतःला हे पहिल्यांदा नीट कळलं ते बिभा ताऱ्यामुळे. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव द्यायची संधी आली, तेव्हा ताऱ्याला बिभा चौधुरींचं नाव दिलं (मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ, त्यांच्याबद्दल जरूर वाचा) आणि ग्रहाला संतमस. हा ग्रह गुरूच्या दीडपट वजनाचा आणि ताऱ्याला इतका चिकटून की जेमतेम दोन दिवसांत एक फेरी. आता गंमत बघा, २००६ मध्ये तो सापडला ती शोधमोहीमच मुळी ज्यांच्यात लोह जास्त आहे असे तारे निवडून चालवलेली होती, आणि बिभामध्ये लोहाचं प्रमाण सूर्याच्या जवळपास पावणेदोनपट आहे.

लोहच का, तर तारा आणि ग्रह एकाच ढगातून बनतात, त्यामुळे ताऱ्यात लोह जास्त म्हणजे त्या ढगात धूळ बनवणारा जड मालही जास्त. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गुरूसारखा ग्रह बनायला आधी पृथ्वीच्या दहाएक पट वजनाचा घन गाभा लागतो आणि तोही नव्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीतला वायू उडून जायच्या आत, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत तयार व्हायला लागतो, त्यामुळे चकतीत धूळ जास्त असेल तर काम होतं नाहीतर वेळ निघून जाते. २००५ मध्ये फिशर आणि वॅलेंटी यांनी आकडेच मांडले: सूर्यापेक्षा कमी लोह असलेल्या ताऱ्यांपैकी ३ टक्क्यांहून कमी ताऱ्यांभोवती मोठे ग्रह सापडले होते, आणि दुपटीहून जास्त लोह असलेल्यांमध्ये २५ टक्के!

पण छोट्या खडकाळ ग्रहांना एवढा माल लागतच नाही. नासाच्या केप्लर अवकाश दुर्बिणीने पाहिलेला केप्लर-४४४ हा तारा घ्या, वय ११ अब्ज वर्षांच्या वर, लोह सूर्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी, तरी पाच ग्रह आहेत आणि पाचही पृथ्वीहून लहान. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण म्हणजे आकाशगंगा अगदी तरुण होती तेव्हापासून खडकाळ ग्रह बनतायत.

अजून एक, जे बातम्यांत कोणी सांगत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा आपल्याला फक्त प्रकाश किती टक्के घटला ते दिसतं, ग्रहाचा आकार त्यावरून काढायचा तर ताऱ्याचा आकार माहीत हवा, तो २० टक्के चुकला की ग्रहही २० टक्के चुकला. केप्लरने पाहिलेल्या १,३०५ ताऱ्यांचे स्पेक्ट्रम (म्हणजे प्रकाश रंगांत फोडून घेतलेली नोंद) हवाईतल्या केक दुर्बिणीने घेऊन त्यांचे आकार नीट मोजले तेव्हा कुठे २०१७ मध्ये दिसलं की पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट आकाराचे ग्रह मधेच कमी आहेत, त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी. ही फट आधीही डेटात होतीच, ताऱ्यांच्या चुकीच्या मापांमुळे पुसली गेली होती.

स्वतः बघायचं असेल तर नासाच्या एक्सोप्लॅनेट आर्काइव्हवर (एक्सोप्लॅनेट म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह) सगळी टेबलं फुकट आहेत, ताऱ्याच्या लोहाचा कॉलम आणि ग्रहाच्या वजनाचा कॉलम घेऊन साधा आलेख काढा, आणि अडलात तर इथेच कमेंटमध्ये विचारा.