सायरन की भोंगा?

प्रश्न असा: जॉन बूरमन यांच्या 'होप अँड ग्लोरी' (1987) या दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवरच्या चित्रपटाच्या संवादांचा मराठी अनुवाद करताना हवाई हल्ल्याच्या सायरनला 'भोंगा' म्हणावं का? भोंगा म्हटलं की गिरणी आठवते, लंडनमधल्या घरात तो शब्द उपरा वाटेल, अशी विचारणाऱ्यांची शंका आहे.

माझ्या मते भोंगाच म्हणावं.

शंकेत तथ्य आहे, कारण ही दोन यंत्रं खरोखरच वेगळी. गिरणीचा भोंगा वाफेवर चालायचा. बॉयलरची वाफ फटीतून सुटली की एकच जाड, सरळ सूर निघे. सायरनमध्ये भोकांची चकती फिरते आणि हवेचा झोत तोडत राहते. चकतीचा वेग वाढला की सूर चढतो, मंदावला की उतरतो. 1819 साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवलेलं असं यंत्र पाण्याखालीही वाजायचं, म्हणून त्याने त्याला ग्रीक पुराणातल्या, खलाशांना गाण्याने भुलवणाऱ्या सायरेनींचं नाव दिलं.

लंडनकरांना या सुरावरूनच कळायचं. वरखाली होणारा सूर म्हणजे विमानं येताहेत, सलग एकसुरी म्हणजे आता बाहेर या. म्हणून अनुवादात पहिल्यांदा 'धोक्याचा भोंगा' आणि 'धोका टळल्याचा भोंगा' असं पूर्ण लिहावं. भोंगा म्हणजे लाउडस्पीकर असंच ज्यांना ठाऊक आहे, त्या तरुण वाचकांचीही त्याने सोय होते. पुढे नुसतं 'भोंगा' पुरे.

पण शब्द निवडताना यंत्रापेक्षा मला माणसं महत्त्वाची वाटतात. गिरणगावात भोंग्यावर अख्खं घर चालायचं: चूल कधी पेटवायची, डबा कधी भरायचा, कोणाची पाळी कधी सुटणार. 7 सप्टेंबर 1940 पासून जवळपास दोन महिने लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते, आणि तिथल्या घरांचंही तेच झालं. जेवणं लवकर उरकायची, पांघरुणं घेऊन परसातल्या शेल्टरमध्ये शिरायचं, सकाळी पुन्हा कामावर. बूरमन यांनी स्वतःच्या बालपणावर बेतलेल्या या चित्रपटात युद्ध असं घरात येऊन बसलेलं दिसतं. त्यातल्या मुलाला तर शाळेवर बॉम्ब पडल्याचा आनंद होतो! असं घर 'सायरनचा आवाज येत आहे' असं बोलणार नाही. आई म्हणेल, "चला रे, भोंगा झाला."

त्यातला 'झाला' फार मोलाचा आहे. मराठीत ठरल्या वेळेचे आवाज 'होतात': शाळेची घंटा होते, बाराची तोफ होते, गिरणीचा भोंगा होतो. अवचित आलेला आवाज मात्र 'वाजतो'. 3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवर युद्धाची घोषणा केली आणि काही मिनिटांतच लंडनमध्ये पहिला इशारा मिळाला (तो चुकीचा निघाला). तिथे 'भोंगा वाजला' हवं. पुढे हल्ले रोजचे झाले की 'भोंगा झाला'. दोन क्रियापदांमधून घराला युद्धाची कशी सवय होत गेली ते ऐकू येईल, आणि अनुवादकाला याहून जास्त काही करावं लागणार नाही.

शब्द उपरा तर नाहीच. 1971 च्या युद्धात खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले मुंबईकर आठवणी सांगताना आजही भोंगाच म्हणतात. 'सायरन' ॲम्ब्युलन्स आणि पोलिसांच्या गाडीसाठी राहू द्या.

जाता जाता 'शेल्टर'विषयी. लंडनच्या परसातलं अँडरसन शेल्टर म्हणजे वाकवलेले पन्हळी पत्रे, निम्मे जमिनीत पुरलेले, वर मातीचा थर. 'खंदक' म्हटलं तर उघडा चर किंवा किल्ल्याभोवतीचा खंदक डोळ्यांपुढे येतो. 'आश्रयस्थान' सरकारी फलकावरचं वाटतं. निवेदनात 'निवारा' चालेल, मुलांच्या तोंडी 'शेल्टर'च ठेवा.